रिपोर्ट नॉर्मल आहे, पण कोणाचा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तिशीतला एक तरुण ओपीडीत आला. तक्रार एकच, डोकेदुखी. आधी दोन डॉक्टर झाले होते, चष्म्याचा नंबर पाहून झाला होता, सायनसचा एक्स-रेही झाला होता. मीही बीपी पाहिले आणि मायग्रेनच्या गोळ्या लिहिल्या. महिन्याभराने तो परत आला. गोळ्यांनी फरक नव्हता. उठता उठता सहज म्हणाला, "सोमवारी डोकं फुटते जी डॉक्टरसाहेब. बुधवार-गुरुवारपर्यंत आपोआप बरं वाटते. मंग पुन्हा सोमवार आला की तेच."

मायग्रेनला वार कळत नाही. मी पेन खाली ठेवले आणि पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. "काम काय करता?"

"बारूद कंपनीत आहो. ठेकेदाराकडे."

इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिले. रुग्णाला तो काय काम करतो हे विचारलेच पाहिजे, असे त्यात त्याने डॉक्टरांना सांगितले आहे. तीनशे वर्षे उलटली, तरी गर्दीच्या ओपीडीत आम्ही डॉक्टर हा प्रश्न विसरतो. मीही विसरलो होतो.

सोमवारची डोकेदुखी

हृदयरोग्यांना छातीत दुखले की जिभेखाली ठेवायला जी गोळी देतात, त्याच कुळातले नायट्रोग्लिसरीन हे एक स्फोटकही आहे. तोफगोळे व रॉकेट यांना पुढे ढकलणाऱ्या दारूत ते वापरतात. ते रक्तवाहिन्या रुंद करते, म्हणून औषध म्हणून उपयोगी पडते आणि म्हणूनच डोकेही ठणकवते. कारखान्यात त्याची वाफ श्वासातून जाते, पण त्याहून जास्त ते त्वचेतून आत शिरते. दोन-तीन दिवसांत शरीराला त्याची सवय होते आणि डोके थांबते. सुटीच्या दिवशी ती सवय सुटते. सोमवारी पुन्हा कामावर गेले की पुन्हा ठणका. जुन्या काळी परदेशातले काही कामगार सवय मोडू नये म्हणून सुटीतही टोपीच्या पट्टीत थोडे नायट्रोग्लिसरीन ठेवत.

डोकेदुखीपेक्षा मोठी भीती वेगळी आहे. वर्षानुवर्षे रुंद राहण्याची सवय लागलेल्या हृदयाच्या रक्तवाहिन्या सुटीच्या काळात अचानक आवळू शकतात. अशा कामगारांत रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी छातीत दुखणे आणि अचानक मृत्यू येणे, हे वैद्यकीय पुस्तकांत फार पूर्वीपासून नोंदलेले आहे.

दुसरा पदार्थ टीएनटी. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तोफगोळे भरणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडे. लोक त्यांना पिवळ्या कॅनरी पक्ष्यांच्या नावाने हाक मारत. पण काहींच्या यकृतावरच घाव बसला आणि त्या काविळीने दगावल्या. शेवटी १९१६ मध्ये या विषारी काविळीची सरकारकडे नोंद करणे तिथे बंधनकारक झाले. टीएनटीने रक्त कमी होते, यकृत बिघडते आणि अनेक वर्षांच्या संपर्काने डोळ्यात मोतीबिंदूही होतो.

आता हे विदर्भात आणून पाहा. इथे सिकलसेल आहे आणि बायकांमध्ये रक्त कमी असणे घरोघरी आहे. आठ हिमोग्लोबिन घेऊन एखादी कामगार बाई आली, तर आम्ही काय करतो? सिकलसेलची तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि पालक-गूळ खाण्याचा सल्ला. ती दिवसभर हातांनी काय हाताळते, हे कोण विचारतो?

स्फोट मोजला जातो, वाफ नाही

नागपूर हे दारूगोळ्याच्या उद्योगाने वेढलेले शहर आहे. स्फोटकांना परवाने देणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय इथेच. अंबाझरीची आयुध निर्माणी इथेच. पलीकडे भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, चंद्रपूरकडे भद्रावती, वर्ध्याकडे पुलगावचे दारूगोळा भांडार, आणि आसपासचे खासगी कारखाने वेगळे.

इथले अपघात आपल्याला तोंडपाठ आहेत. पुलगावला मे २०१६ ची आग. त्याच पुलगावजवळ नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर सहा जण गेले, त्यांत बहुतेक ठेकेदाराचे मजूर. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगावला नऊ जण गेले, त्यांत सहा बायका. जानेवारी २०२५ मध्ये जवाहरनगरला आठ जण.

स्फोटाचा आवाज होतो, म्हणून चौकशी होते, भरपाई होते, पेपरात फोटो येतो. ठिणगी पडू नये म्हणून या कारखान्यांत खास बूट, खास अवजारे, इमारतींमध्ये ठरलेले अंतर, सारे काही असते. ते असायलाच हवे. पण ठिणगीला जो मान आहे, तो वाफेला नाही. वीस वर्षांनी यकृत बिघडलेला माणूस कोणत्याच यादीत येत नाही.

मोजणारा कोण?

"तुमच्या कारखान्यात हवा तपासतात का?" मी त्या तरुणाला विचारले.

"तपासतात नं. बाहेरून एक माणूस येते, कॉलरला मशीन लावते. पण ते पर्मनंटवाल्याले लावते. रिपोर्ट ऑफिसात जाते."

त्याच्या या दोन-तीन वाक्यांत सगळे दुखणे आले.

कॉलरचे ते मशीन म्हणजे छोटा पंप. तो कामगाराच्या नाकाजवळची हवा पाळीभर एका नळीतून ओढून घेतो, आणि प्रयोगशाळेत त्या नळीत काय अडकले ते मोजतात. हे काम बहुतेक वेळा बाहेरच्या खासगी प्रयोगशाळेला ठेक्याने दिलेले असते. यात गैर काही नाही. महागडी यंत्रे प्रत्येक कारखान्याने घ्यावीत असे नाही, आणि अशा प्रयोगशाळांत काम करणारी मुले-मुली शिकलेली व प्रामाणिक असतात. अडचण व्यवस्थेत आहे. प्रयोगशाळा निवडणार कारखाना, पैसे देणार कारखाना, तारीख ठरवणार कारखाना आणि रिपोर्ट वाचणारही कारखानाच. परीक्षा देणाऱ्यानेच परीक्षक नेमायचा, फी द्यायची आणि पेपरची तारीखही ठरवायची, असा हा प्रकार.

त्यात मोजणारा ठेक्याचा आणि धोक्यात असणाराही ठेक्याचा. दोघांची गाठच पडत नाही. सर्वात घाण काम ठेका कामगाराकडे असते, पण पंप दुसऱ्याच्या कॉलरला लागतो. ठेकेदार बदलला की कामगाराचे वैद्यकीय कागद कुठे जातात, हे त्यालाही ठाऊक नसते.

'मर्यादेत आहे' म्हणजे काय?

रिपोर्टमध्ये बहुधा 'मर्यादेत' असा शेरा असतो. पण कोणाच्या मर्यादेत? हवेतल्या टीएनटीसाठी अमेरिकेच्या कायद्याची मर्यादा एका घनमीटरला १.५ मिलिग्रॅम आहे. तिथल्याच सरकारी संशोधन संस्थेची शिफारस ०.५ आहे आणि औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेची ०.१. म्हणजे एकाच हवेचा रिपोर्ट एका मापाने पास आणि दुसऱ्या मापाने पंधरापट नापास होऊ शकतो.

दुसरे असे की टीएनटी आणि नायट्रोग्लिसरीन त्वचेतून शिरतात. हवा स्वच्छ निघाली म्हणजे शरीर स्वच्छ आहे असे होत नाही. त्यासाठी रक्त, लघवी, यकृताच्या तपासण्या आणि डोळे पाहावे लागतात, तेही कामावर घेण्याआधी एकदा आणि नंतर ठरावीक काळाने. आधीचा आकडाच नसेल, तर नंतरचा आकडा वाचायचा कसा?

गुप्ततेचा मुद्दा

"हे संरक्षणाचे काम आहे, माहिती देता येत नाही," असे उत्तर मिळते. गोळ्यात काय आणि किती भरले हे गुप्त राहावे, हे मलाही मान्य आहे. पण कामगाराच्या यकृताचा रिपोर्ट शत्रूच्या काय कामाचा?

आपल्याच देशाचे उदाहरण घ्या. भारताने १९९७ मध्ये आपल्याकडे रासायनिक अस्त्रांचा साठा असल्याचे जाहीर केले. तो १,०४४ टन सल्फर मस्टर्ड होता, आणि तो २००९ पर्यंत पूर्ण नष्ट केला. हे सारे हेगच्या रासायनिक अस्त्रबंदी संघटनेच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली झाले. या संघटनेच्या प्रयोगशाळांचा नियमही पाहण्यासारखा आहे. मान्यता टिकवायची तर प्रयोगशाळेला आत काय आहे हे न सांगता दिलेले नमुने वेळोवेळी ओळखून दाखवावे लागतात, आणि तपासणीत घेतलेला खरा नमुना एकाच ठिकाणी न पाठवता किमान दोन प्रयोगशाळांत पाठवतात. अमेरिकेत असा साठा नष्ट करताना लष्कराच्या योजनांवर आरोग्य खात्याने नजर ठेवावी, असा तिथल्या संसदेचाच आदेश होता. त्यांचा शेवटचा साठा जुलै २०२३ मध्ये संपला.

देशाच्या सर्वात गुप्त साठ्याची मोजदाद आपण परक्या निरीक्षकांना पाहू दिली. मग स्वतःच्या कामगाराला त्याच्याच रक्ताचा रिपोर्ट दाखवायला आपण का अडतो?

खरे तर कायदाही कामगाराच्या बाजूने आहे. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांच्या आरोग्याची नोंद ठेवणे, दर बारा महिन्यांच्या आत तपासणी करणे, ती नोंद कामगाराला पाहू देणे आणि सुरक्षिततेची माहिती मागण्याचा त्याचा हक्क या गोष्टी तेव्हा आल्या. विषारी पदार्थांमुळे झालेली कावीळ किंवा रक्तक्षय दिसला, तर कारखाने निरीक्षकांना कळवणे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरचेही कर्तव्य आहे. आता मीच सांगतो. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असा एकही कागद मी पाठवलेला नाही. माझ्याकडे असे रुग्ण आलेच नाहीत, यावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

माझे म्हणणे

मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रयोगशाळा कारखान्याने निवडू नये. पैसे कारखान्याने भरावेत, नेमणूक त्रयस्थाने करावी आणि नमुना न सांगता घ्यावा. पंप सर्वात जास्त धोक्याच्या जागी असलेल्या माणसाला लागावा, मग तो कोणाच्याही हजेरीपटावर असो. आकडे मराठीत आणि हिंदीत गेटवर लागावेत, कोणत्या मर्यादेशी तुलना केली तेही त्यात असावे. आणि प्रत्येक ठेका कामगाराकडे स्वतःची आरोग्य पुस्तिका असावी, जी ठेकेदार बदलला तरी त्याच्याच खिशात राहील.

खर्चाचा प्रश्न येईल. पण एका यकृताच्या उपचारात एक कुटुंब बुडते, तो खर्च आज कोणाच्याच हिशेबात धरलेला नाही.

तुम्ही काय करावे?

घरात कोणी अशा कारखान्यात काम करत असेल, तर घाबरून नोकरी सोडू नका. पण या गोष्टी पाळा.

कोणत्याही डॉक्टरकडे गेलात की त्यांनी विचारायची वाट न पाहता काम काय करता ते सांगा. कामाचे कपडे घरी धुवायला आणू नका. जेवणाआधी हात साबणाने धुवा, घरी निघण्याआधी शक्य असेल तर आंघोळ करा. सुटी संपून कामावर परतल्यावरच डोके दुखते का, नखे-ओठ निळसर होतात का, लघवी लालसर-तपकिरी होते का, डोळे पिवळे दिसतात का, याकडे लक्ष ठेवा. सुटीच्या दिवशी छातीत दुखले तर 'गॅस असेल' म्हणून बसू नका, लगेच दवाखाना गाठा आणि ईसीजी काढा. दारूने नायट्रोग्लिसरीनचा त्रास वाढतो. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, यकृताच्या तपासण्या आणि डोळे पाहून घ्या, आणि ते कागद जपून ठेवा.

त्या तरुणाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. माझी शंका पक्की करायला हवेतल्या मोजणीचा आकडा हवा होता. मी त्याला चिठ्ठी लिहून दिली, रिपोर्टची प्रत मागायला सांगितले. आठवड्याने तो आला, चिठ्ठी तशीच घडी घातलेली. ठेकेदाराने त्याला एवढेच विचारले होते, "काम करायचं आहे की रिपोर्ट पाहायचा आहे?"

त्याच्या घरी दोन लहान मुली होत्या. त्याने काम निवडले. मी डोकेदुखीची गोळी लिहून दिली. त्यानंतर तो माझ्याकडे आलेला नाही. आजही सोमवारी कोणी डोके धरून ओपीडीत शिरले, की मी आधी कामाचे विचारतो, मग बीपीचा पट्टा बांधतो.