सहलीत मुंबईचं बंदर हवंच

आमच्या अणदूर-नळदुर्ग भागातल्या शाळांची मुंबई सहल म्हणजे राणीची बाग, चौपाटी, गेटवेसमोर फोटो आणि परत गाडीत. मी इतिहास शिकवतो. ज्या बंदराने मुंबई उभी केली, ते बंदरच मुलांना न दाखवता आणणं मला पटत नाही.

समुद्राशी आपला काय संबंध, असं पालक विचारतात. संबंध जुना आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलंय. तगर म्हणजे आपलं तेर. तिथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई. म्हणून सहलीआधी मुलांना तेरचं लामतुरे संग्रहालय दाखवावं.

मग सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरावी. सीएसएमटीपासून बॅलार्ड इस्टेट चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर हा भाग वसला. विहीर खणली की माती कुठे टाकायची, हे आमच्या मुलांना ठाऊक असतं. इथे त्या मातीवर रस्ते आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. वास्तुकार जॉर्ज विटेट, गेटवेचेही तेच.

१४ एप्रिल म्हटलं की गावात भीमजयंतीची मिरवणूक. १९४४ साली त्याच दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात स्फोटकं आणि कापसाच्या गाठी! मराठवाड्यातल्या पोराला कापूस कसा पेटतो ते सांगावं लागत नाही. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. गोदीत आत सोडत नाहीत, पण भिंतीबाहेर उभं राहून हे सांगता येतं, आणि ते सांगायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ससून डॉक. १८७५ पासूनची ही गोदी. मासळीचा लिलाव, बर्फाच्या गाड्या, कोळंबी सोलणाऱ्या बायका. कष्टाचा बाजार मुलांनी जवळून बघावा. भाऊचा धक्काही चुकवू नये. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी तो बांधला आणि कोकणातली कितीतरी माणसं याच धक्क्यावर उतरून गिरण्यांत कामाला लागली.

गेटवे शेवटी घ्यावा. २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण त्याच कमानीतून गेली, हे तिथेच सांगावं. तिथून घारापुरीची लाँच मिळते. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा मुख्याध्यापकांनी तारीख ठरवताना तेवढं बघावं.