डोरेमॉनचा आवाज

आपल्या घरांत मुले डोरेमॉन पाहतात ती हिंदीत. त्यामुळे जपानमध्ये या निळ्या मांजराला तब्बल 26 वर्षे आवाज कोणी दिला, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. तो आवाज एका बाईंचा होता. नोबुयो ओयामा त्यांचे नाव. 1933 साली टोकियोत त्यांचा जन्म झाला आणि सप्टेंबर 2024 मध्ये, वयाच्या 90व्या वर्षी त्या वारल्या.

त्यांचा आवाज लहानपणापासूनच घोगरा. शाळेत मुले हसायची, म्हणून या मुलीने बोलणेच सोडले. तेव्हा आईने तिला समजावले की, कमजोर म्हणून एखादी गोष्ट झाकून ठेवली तर ती आणखी कमजोर होते. तू हाच आवाज रोज वापर. मग ओयामा शाळेच्या प्रसारण मंडळात गेल्या. जाड आवाजाच्या मुली वर्गात हळूहळू गप्प होत जातात, हे आम्ही शिक्षक दर वर्षी पाहतो. अशी अम्मी प्रत्येकीला मिळत नाही.

1979 मध्ये डोरेमॉनचे काम त्यांच्याकडे आले. मूळ चित्रकथेतला डोरेमॉन अधूनमधून तोंडाळ आहे. पण मुलाला सांभाळायला आलेला यंत्रमानव वाईट शब्द कसे वापरेल, असा विचार ओयामांनी केला. म्हणून त्यांचा डोरेमॉन अदबीने बोलतो, स्वतःची ओळखसुद्धा नम्रपणे करून देतो. कार्टूनमुळे मुलांची जबान बिघडते, अशी तक्रार पालक आमच्याकडे नेहमी करतात (ती अगदीच खोटी नाही). इथे मात्र माइकपुढे उभ्या असलेल्या बाईनेच ती काळजी घेतली होती. चित्रकथेचे जनक फुजिको एफ. फुजिओ यांनाही हा आवाज फार आवडला.

2001 मध्ये त्यांच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. 2005 मध्ये मुख्य कलाकारांची सगळी जुनी मंडळीच बदलली आणि डोरेमॉन वासाबी मिझुता यांच्याकडे गेला.

पुढे ओयामांना स्मृतिभ्रंश झाला. त्यांचे पती केइसुके सागावा हेही कलाकार. आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांचा असा आजार चारचौघांपासून लपवतात, तसाच त्यांनीही आधी लपवला. अखेर एका जुन्या मित्राच्या आग्रहावरून 2015 मध्ये त्यांनी रेडिओवर सगळे सांगून टाकले. 2017 मध्ये सागावा गेले. ओयामा त्यानंतर सात वर्षे होत्या.