आधी खुराक, मग पदक



२०३० सालच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला होणार, यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये शिक्कामोर्तब झाले. तेव्हापासून मैदाने, रस्ते, पूल आणि हॉटेले यांची चर्चा जोरात आहे. पण त्या मैदानावर घाम गाळायला जो उतरणार, त्याचे नाव या चर्चेत फारसे निघत नाही. आज बाजव्यातल्या शाळांत आठवी-नववीत बसणारी आपली मुले-मुली २०३० साली कॉलेजच्या वयाची असतील. कॉलेजात शिकत असताना विद्यापीठासाठी, जिल्ह्यासाठी, राज्यासाठी खेळणाऱ्या अशा मुलांना त्याबद्दल पैसे मिळावेत की नाही, हा प्रश्न म्हणूनच आज आपल्यापुढे मांडत आहोत.

आमचे मत आडपडदा न ठेवता सांगतो. पैसे मिळावेत. मात्र ते पगार म्हणून नव्हे, विद्यावेतन म्हणून मिळावेत.

हे ऐकताच आपल्याकडचे वडीलधारे म्हणतील, “पैसा आला की खेळ बाटला. खेळ हा हौसेचा मामला.” विचार चांगला वाटतो, पण तो मुळात आपला नाही. इंग्लंडमधल्या खाऊनपिऊन सुखी सरदार मंडळींनी तो रूढ केला. ज्यांना पोटाची चिंता नव्हती त्यांना पैशाशिवाय खेळणे परवडत होते, आणि त्यांनी तोच सर्वांसाठी नियम करून टाकला. त्याचा फटका कोणाला बसला? १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये जिम थॉर्प या अमेरिकेतल्या मूलनिवासी तरुणाने दोन सुवर्णपदके जिंकली. पूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत थोड्या पैशांवर तो बेसबॉल खेळला होता, एवढ्या कारणावरून १९१३ मध्ये ती पदके काढून घेण्यात आली. त्याच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, १९८२ मध्ये, ऑलिंपिक समितीने ती परत द्यायचे ठरवले आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव लागायला २०२२ साल उजाडले. खेळाच्या पावित्र्याच्या नावाखाली गरिबाच्या मुलावर असा अन्याय झाला.

आपली रीत याच्या अगदी उलट होती. आखाड्यात मल्ल तयार करायचा तर त्याच्या दुधा-तुपाची, बदामाची सोय आधी लावायची, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागले नाही. त्याला आपण खुराक म्हणतो. गायकवाडांचा दरबार पदरी पैलवान बाळगत असे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले. याच बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्यातून राजरत्न माणिकरावांनी पिढ्या घडवल्या आणि व्यायामाचा मराठी ज्ञानकोशही याच शहरातून निघाला. खुराक घेतला म्हणून मल्ल भाडोत्री झाला, असे त्या काळी कोणी म्हटले नाही. उलट मल्ल उपाशी राहिला तर पोशिंद्यालाच लोक नावे ठेवत.

संस्थाने गेली आणि हा आश्रय तुटला. त्यानंतर काय झाले, हे खाशाबा जाधवांच्या कहाणीत दिसते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला जाताना कोल्हापूरच्या महाराजांनी त्याचा भार उचलला आणि तो सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशासाठी दारोदार फिरावे लागले. गावाने वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक मिळाले ते असे. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, पण गुरूचे कर्ज फेडायला खाशाबांना पुन्हा कुस्त्यांची मैदाने मारावी लागली. १९५५ मध्ये पोलीस खात्यात नोकरी मिळाली. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण देशाच्या पदकासाठी एका शिक्षकाला घर गहाण टाकावे लागले, हे अभिमानाबरोबर लाजही वाटावी असेच आहे.

आजची स्थिती तितकी वाईट नाही, हे मान्य करायला हवे. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूसाठी वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद ठरवण्यात आली आणि त्यातले महिन्याला १०,००० रुपये खेळाडूच्या हातखर्चासाठी ठेवले गेले. गुजरात सरकारची शक्तिदूत योजना आहे. आपल्याच जिल्ह्यात डेसरला स्वर्णिम गुजरात क्रीडा विद्यापीठ उभे आहे. पण या योजना शिखरावर पोचलेल्या किंवा पोचू पाहणाऱ्या मोजक्या मुलांसाठी आहेत. त्यांच्या खालच्या पायरीवर, विद्यापीठाच्या संघात खेळणाऱ्या मुलाला काय मिळते? प्रवासखर्च, दैनिक भत्ता, एखादा ट्रॅकसूट आणि हजेरीत सवलत. पुढे नशीब असेल तर रेल्वेत किंवा पोलिसात खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. म्हणजे मोबदला आहे, पण तो उधारीवर आणि तोही सगळ्यांना नाही.

मधली तीन-चार वर्षेच खरी कठीण असतात. अठराव्या वर्षी घरचे म्हणतात, आता हातभार लाव. वडील पाळीवर जातात, घराचा हप्ता असतो, धाकट्या बहिणीची फी असते. मग सकाळी धावायला जाणारा मुलगा ठेकेदाराकडे कामाला लागतो. मुलीचा तर सराव सर्वांत आधी सुटतो, कारण तिच्या बुटांचा आणि रिक्षाचा खर्च घरात सर्वांत आधी डोळ्यांवर येतो. अशी किती मुले खेळातून गेली याची नोंद कोणत्याच कार्यालयात सापडणार नाही.

विद्यावेतन हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. बाजव्याच्या आसपास खतांचा कारखाना आहे, कोयलीची रिफायनरी आहे. आपल्यापैकी कित्येक घरांतली मुले अशा कारखान्यांत अप्रेंटिस म्हणून लागली. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो, तो शिकत असतो. तरीही त्याला दरमहा ठरावीक रक्कम द्यावीच लागते. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षात इंटर्नलाही ती मिळते. या पैशाने फिटर बिघडला किंवा डॉक्टर लोभी झाला, असे आपण म्हणत नाही. मग रोज चार-पाच तास मैदानावर राबणारा, विद्यापीठाचे नाव छातीवर लावून खेळणारा मुलगाच फुकट का राबावा? तोही शिकाऊच आहे.

येथे कोणी अमेरिकेचा दाखला देईल. आपल्या अनेक घरांतली मुले तिकडे आहेत, त्यांना हे ठाऊकच आहे. तिथे जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजेच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी एका कॉलेजला घातलेली मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची होती. पण तिथे कॉलेजच्या सामन्यांवर दूरचित्रवाणीच्या कंपन्या अब्जावधी डॉलर ओततात, म्हणून खेळाडू नफ्यातला वाटा मागतो. शिवाय पैशाचा मोठा भाग फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडेच जातो आणि काही कॉलेजांनी पोहणे, टेनिस यांसारखे संघ बंद केले. आपल्या कॉलेजांना सामन्यांतून नफा होत नाही, त्यामुळे आपल्याकडे प्रश्न वाट्याचा नाही, भाकरीचा आहे. अमेरिकेचा बाजार आपण आणू नये. तो आणला तर सगळा पैसा क्रिकेटच्या झोळीत जाईल आणि कुस्ती, कबड्डी, खो-खो, मल्लखांब कोरडेच राहतील.

राहिला वशिल्याचा प्रश्न. “पैसे ठेवले की यादीत साहेबांचा भाचा येणार,” ही शंका खोटी नाही. पण रेशनमध्ये गोंधळ होतो म्हणून कोणी रेशन बंद करा म्हणत नाही, यादी भिंतीवर लावा असे म्हणतो. इथेही तेच करावे लागेल.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. विद्यापीठ किंवा राज्य पातळीवर निवड झालेल्या प्रत्येक विद्यार्थी खेळाडूला दरमहा खुराक भत्ता मिळावा. तो सर्व खेळांना सारखा असावा, मुलामुलींना सारखा असावा आणि थेट त्यांच्या खात्यात जमा व्हावा. खेळताना इजा झाली तर उपचाराचा विमा असावा आणि बरे होईपर्यंत भत्ता थांबू नये. निवडीचे निकष व नावे कॉलेजच्या फलकावर लागावीत. आणि परीक्षेला बसण्याची अट असावी, कारण गुडघा एकदा दगा देतो, पदवी देत नाही.

मत मागायला जो कोणी उंबऱ्यावर येईल, मग पक्ष कोणताही असो, त्याला हे विचारा. नवे स्टेडियम किती कोटींचे, हे तो आपणहून सांगेल. त्यात खेळणाऱ्याला महिन्याला किती रुपये मिळतील, हे आपण विचारायचे आहे. बडोद्यात मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहिला आहे. हा प्रश्न विचारण्याचा त्याला हक्क आहे आणि आखाड्यांच्या या गावात ते त्याचे कर्तव्यही आहे.

मात्र सरकारकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये. गुणगौरव समारंभात आपण नव्वद टक्केवाल्यांना शाल-श्रीफळ देतो, ते योग्यच आहे. त्याच निधीतून समाजातल्या एका खेळाडू मुलाला आणि एका मुलीला वर्षभर दरमहा खुराक देता येणार नाही का? रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती महिन्याच्या महिन्याला पोचली पाहिजे. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, असे आम्ही सुचवतो. खर्डेकर सरांनी एकट्याने घर गहाण टाकले. आपल्याला प्रत्येक घरामागे महिन्याला थोडेसे बाजूला काढायचे आहे.

— संपादक मंडळ