दोन डिस्क आहेत म्हणून बॅकअप घेत नाही?

आज रेडबद्दल बोलूया. आयकरवाली नव्हे, कॉम्प्युटरमधली.

दुकानातल्या बिलिंगच्या पीसीवर लिनक्स आहे आणि दोन डिस्कचं सॉफ्टवेअर रेड वन, म्हणजे तोच डेटा दोन्हीकडे. मागच्या महिन्यात सहज स्टेटस बघितलं, तर 'यूयू'च्या जागी एकच 'यू'. एक डिस्क गेलेली. कधी? नऊ दिवसांपूर्वी! ईमेल अलर्ट लावलाच नव्हता. दुसऱ्यांना शिकवणाऱ्याची ही तऱ्हा.

बिलं मात्र एक दिवसही अडली नाहीत, हे रेडचं श्रेय. दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, काढू का डिस्क?" म्हटलं, थांब. दोन्ही सारख्याच दिसतात, चुकून चांगलीच ओढली तर मेलो. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला. कारण उरलेली डिस्कही त्याच दिवशी घेतलेली, तेवढीच जुनी. नवी भरताना ती तासन्तास सलग वाचली जाते आणि नेमकी तेव्हाच मान टाकू शकते. मग सिरीयल नंबर जुळवून खराब डिस्क एमडीएडीएममधून फेल करून काढली. नवी लावली (जुनीपेक्षा लहान चालत नाही), पार्टिशन तसंच पाडून ॲड केली. सिंक व्हायला संध्याकाळ झाली. घाबरून 'क्रिएट' कमांड मारू नका, असलेला डेटाही हातचा जाईल.

तरी माझं मत ठाम आहे, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून खातं डिलीट केलंत तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. आणि आपण कोल्हापूरकर! पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही वेळा पाणी 50 फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला दुकानात पाणी शिरलं तेव्हा एकाच कॅबिनेटमधल्या दोन डिस्क काय कामाच्या? दुसरी प्रत त्याच पेठेत ठेवून उपयोग नाही. एक उंचावरच्या घरी, एक क्लाउडवर.

जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने जपायचे असतात. पाण्यात गेले म्हणून उधारीवालाही आपणहून पैसे आणून देत नाही.

कमांड पुढच्या व्हिडिओत एकेक करून दाखवतो. तोवर बॅकअपमधलं एखादं जुनं बिल उघडतंय का बघा.