बर्फ पडला नाही म्हणून…

मैत्रिणींनो, दिवाळीला पाहुणे येणार म्हटलं की आपली काय धांदल उडते, ते मी सांगायला नको. गाद्या उन्हात, डबे घासायला, माळ्यावरची मोठी पातेली खाली. आता कल्पना करा, पाहुणे तीन महिने येत-जात राहणार, नळाचं पाणी गोठणार आणि पाहुणे येणार की नाही हे आभाळ ठरवणार!

२०२२च्या नोव्हेंबरात बद्रीनाथाचे दरवाजे हिवाळ्यासाठी बंद होण्याआधी आम्ही दर्शन घेतलं. उतरताना जोशीमठच्या वर, औलीच्या रस्त्यावर एका घरगुती लॉजमध्ये दोन रात्री राहिलो. पाच खोल्यांचं घर. औली म्हणजे स्कीइंगचं गाव. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचं. २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतल्या काही इथेच झाल्या. यात्रा संपली की इथल्या लोकांची कमाई जानेवारी ते मार्च. मधले पाच-सहा आठवडे घर सज्ज करायचे.

आमचे 'हे' फोटो काढत होते, मी भाभींच्या मागे मागे फिरत होते. सवयच आपली! रजयांची शिवण उसवून कापूस पिंजून आणलेला, आता त्या पुन्हा शिवायच्या. पाण्याच्या पाइपाला गोणपाट आणि वर प्लास्टिक गुंडाळायचं, कारण आतलं पाणी गोठलं की फुगतं आणि पाइप फुटतो. कडाक्याच्या रात्री नळ थोडा वाहता ठेवायचा. पत्र्याचे खिळे ठोकून घ्यायचे. रस्ता बंद झाला तर म्हणून सिलिंडर, पीठ, राजमा, गहत भरून ठेवायचं. गहत म्हणजे आपले कुळीथ, आणि मंडुवा म्हणजे आपली नाचणी. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं! पाहुण्यांचे ओले मोजे, हातमोजे वाळवायला चुलीच्या वर तारा बांधल्या होत्या. लाकडं पावसाळा सरल्यापासून डोक्यावरून आणून पडवीत रचलेली.

कोळशाच्या शेगडीबद्दल तर त्या फार कडक. पाहुणे थंडीने कुडकुडत शेगडी खोलीत मागतात, दार-खिडक्या लावून झोपतात. बंद खोलीतला कोळशाचा वायू माणसाला झोपेतच मारतो, त्याला वाससुद्धा नसतो. म्हणून झोपायच्या आधी भाभी स्वतः शेगडी उचलून बाहेर नेतात, कुणी कितीही रागावलं तरी. (आपल्याकडेही बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात, लक्षात असू द्या.)

या सगळ्याला पैसा लागतो आणि तो डिसेंबरातच खर्च होतो.

मी घरी येऊन इतकं कौतुक केलं की पुण्याच्या भाच्याने फेब्रुवारीसाठी दोन खोल्या ठरवल्या, तीन हजार आगाऊ पाठवले. जानेवारी २०२३मध्ये जोशीमठची जमीन खचली. आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले, रोपवे बंद झाला. भाभींचं घर वाचलं, पण त्या वर्षी बर्फही नीट पडला नाही. राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी रद्द कराव्या लागल्या. भाच्याने फोन केला, "पैसे परत पाठवा." भाभींनी सगळेच्या सगळे पाठवले, वर माफी मागितली. मी त्याला काहीच बोलले नाही. ती गोष्ट मला अजून डाचते.

भाचा म्हणतो, "मावशी, मी बर्फासाठी पैसे दिले होते." त्याचंही चूक नाही, पैसे कष्टाचेच. पण बर्फ भाभी विकत नव्हत्याच. त्या विकत होत्या ऊब, गरम पाणी, रात्री दहाला ताटात पडणारी पोळी. ती तयारी झालेली होती, फक्त आपण गेलो नाही. मंगल कार्यालयाचे पैसे परत मिळत नाहीत हे आपण मुकाट मान्य करतो. मग बाईने घरात केलेल्या तयारीचेच तेवढे का मागून घेतो? घरातलं काम फुकटच असतं, ही आपल्या अंगात मुरलेली समजूत. आणि खरं सांगू? ती बायकांच्याच अंगात जास्त मुरलीय. पाहुण्याकडे पैसे कसे मागायचे, म्हणून जीभ रेटत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. निदान अर्धा आगाऊ तयारीचा म्हणून ठेवायचा आणि हे खोली ठरवतानाच सांगायचं. कोकणात खोल्या देणाऱ्या माझ्या मैत्रिणींनाही मी हेच सांगते. पावसाने सुट्टी बुडाली तरी तुमचे मासे, नारळ आणलेलेच असतात ना?

हेच मी भाभींनाही फोनवर सांगितलं. त्या नुसत्याच हसल्या. पुढच्या हिवाळ्यात मात्र त्यांचाच फोन आला. "दीदी, एका दिल्लीवाल्याला सांगितलं, अर्धे परत मिळणार नाहीत. खूप भांडला."

"मग?"

"मग काय, नाही दिले. पण त्या रात्री झोप नाही लागली." आणि पुढे घाईघाईने, "ठेवते हं, रजया गच्चीवर आहेत, ढग आलेत."