मुलांच्या मनाला गावातच सोबत : वढू बुद्रुकचा जाहीरनामा

आम्ही समाजकार्याचे विद्यार्थी, आमचे शिक्षक आणि या पंचक्रोशीतले पालक, अंगणवाडी सेविका, आशाताई, तरुण मंडळांचे कार्यकर्ते. वढू बुद्रुक येथून आम्ही जाहीर करतो, की मुलांच्या मनाची काळजी हे गावाचे काम आहे आणि ते यापुढे गावातच होईल.

आज काय घडते? हजेरीपटावर नववीतल्या मुलीच्या नावापुढे ओळीने गैरहजेरी लागते आणि शाळेला एवढेच कळते, की तिचे पोट दुखते. पहाटे पाचला रस्त्यावर धावणारा मुलगा पोलीस भरतीत पुन्हा मागे पडतो, बोलेनासा होतो, आणि घरचे म्हणतात, ‘होईल आपोआप नीट.’ सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांपाठोपाठ आलेल्या कुटुंबातले मूल भाड्याच्या खोलीत एकटे बसते, कारण आईवडील दोघेही पाळीवर असतात. त्रास वाढला की कुणी बाहेरचे बघायला सांगते, कुणी म्हणते लग्न लावून टाका. पुण्याला डॉक्टरांकडे न्यायचे तर दिवसाचा रोज बुडतो, आणि ‘डोक्यावर परिणाम झालाय’ हा शिक्का गावभर फिरतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या शंभरातल्या सात मुलांना मानसिक आजार असल्याचे आढळले. म्हणजे चाळीस जणांच्या वर्गात जवळपास तीन. त्या तिघांशी निवांत बोलेल असे माणूस गावच्या शाळेत नसते.

या मातीने आणखीही काही सोसले आहे. इथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे आणि महाराजांवर अंत्यसंस्कार केल्याचे दलित समाज मानतो त्या गोविंद गोपाळ यांचीही इथेच. २०१७ च्या डिसेंबरअखेर गोविंद गोपाळ यांच्या समाधीच्या फलकावरून गावात तणाव झाला. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार उसळला, एका तरुणाचा जीव गेला, घरेदुकाने जळाली. पंचनामे झाले, खटले उभे राहिले, चौकशी आयोग बसला. मुलांच्या मनात काय उरले, याचे रकाने मात्र कुठल्याच पंचनाम्यात नसतात. तेव्हा प्राथमिक शाळेत असलेली मुले आता वयात आली आहेत.

समाजकार्याचे क्षेत्रकार्य गावापर्यंत पोहोचते, पण कॉलेजच्या वेळापत्रकाने. आठवड्याचे दोन दिवस विद्यार्थिनी येते. दिवाळीपर्यंत ओळख होते, संक्रांतीनंतर मूल बोलू लागते, आणि परीक्षा जवळ आली की ती निघून जाते. पुढच्या वर्षी नवी ताई, नवी वही, तेच प्रश्न. अहवालाला गुण मिळतात. मूल होते तिथेच राहते. ही रीत आम्ही बदलणार आहोत.

सातत्य म्हणजे बुधवारी आलेली ताई पुढच्या बुधवारीही येणे. गुप्तता म्हणजे मुलीने सांगितलेली गोष्ट पारावर न पोहोचणे. समता म्हणजे मराठा आळीतले, बौद्ध वस्तीतले आणि कामगारांच्या चाळीतले मूल एकाच सतरंजीवर बसणे. यावर आमची श्रद्धा आहे आणि याच मापाने आम्हाला मोजावे.

हे घडू शकते, याचे दाखले आपल्याजवळ आहेत. १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते शिक्षण देणाऱ्या संस्थेने मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र उघडले. पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झालेल्या त्या संस्थेतूनच १९९६ मध्ये चाइल्डलाइन ही मुलांसाठीची मदतवाहिनी निघाली आणि १०९८ हा क्रमांक देशभर गेला. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून कार्यकर्ते घडवते आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत मुलांच्या आरोग्याचा एकच कार्यक्रम दोन तऱ्हांनी राबवला गेला. शिक्षकांवर सोपवला तिथे तो रुजला नाही. केवळ त्याच कामासाठी नेमलेल्या प्रशिक्षित, पण तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी चालवला तिथे दादागिरी घटली, उदासी घटली, शाळेचे वातावरण बदलले. २०१८ मध्ये हे निष्कर्ष जगापुढे आले. मुलांना आधार द्यायला तज्ज्ञच लागतो असे नाही. शिकलेला, पाठीशी मार्गदर्शक असलेला आणि नेमाने येणारा माणूस लागतो.

म्हणून आम्ही पुढीलप्रमाणे वागू.

आम्ही क्षेत्रकार्य गावाशी बांधू. एका गावात विद्यार्थ्यांची एक जोडी किमान दोन वर्षे काम करेल. जाणारी जोडी येणाऱ्या जोडीसोबत काही आठवडे राहील, आणि मुलाच्या संमतीने त्याची ओळख नव्या ताईशी स्वतः करून देईल. सुट्टीत गावातले प्रशिक्षित तरुण आणि आशाताई हा धागा सांभाळतील.

आम्ही मुले असतात तिथे जाऊ. शाळेत, तालमीत, भरतीच्या मैदानावर, चाळीच्या ओट्यावर बसू. खेळू, चित्रे काढू, ऐकू. गेलेल्या दंगलीवरही बोलू देऊ, दोन्ही बाजूंच्या मुलांना, एकत्र.

आम्ही आमची हद्द ओळखू. विद्यार्थी डॉक्टर नाही. तो औषध देणार नाही, निदान करणार नाही. गरज पडताच प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि टेलिमानस मदतवाहिनीच्या १४४१६ पर्यंत मुलासोबत जाईल. मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा पोक्सोखालचा गुन्हा घडला असेल, तर गुप्ततेच्या नावाखाली आम्ही गप्प बसणार नाही.

आम्ही विद्यार्थ्यालाही एकटे सोडणार नाही. मुलाचे दुःख ऐकून संध्याकाळच्या बसने परतणाऱ्या मुलीला दर आठवड्याला मार्गदर्शकाचा तासभर वेळ मिळेल, प्रवासखर्च मिळेल, आणि ऐकलेले ओझे उतरवायला जागा मिळेल.

आम्ही गावाला हिशेब देऊ. वर्षातून एकदा, कुणाचे नाव न घेता, काय केले आणि काय जमले नाही हे ग्रामसभेत मांडू. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. आम्ही उपकार वाटायला आलेलो नाही. हक्क घरापर्यंत आणायला आलो आहोत.

वढूतून सुरू होणारे हे काम शिरूरच्या कारखान्यांच्या वसाहतींत, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, दौंडच्या गुऱ्हाळांवर आणि रेल्वेच्या चाळींत पोहोचेल. मुख्याध्यापकांनो, आम्हाला एक खोली आणि एक तास द्या. समाजकार्य महाविद्यालयांनो, तुमचे वेळापत्रक मुलांच्या गरजेने लिहा. आईवडिलांनो, मूल गप्प झाले तर त्याला घेऊन या, लपवू नका. विद्यार्थ्यांनो, गुणांसाठी येऊ नका, टिकण्यासाठी या.

ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर रस्ता, पाणी आणि दिवाबत्ती यांच्या रांगेत ‘मुलांचे मानसिक आरोग्य’ हा विषय आम्ही लिहून घेणार आहोत. तो मांडायला आम्ही उभे राहू. मंजूर करायला तुम्ही हात वर करा.