आडव्या वाऱ्याचा बावटा रस्त्यावरही लागावा

रत्नागिरी स्थानक सोडून निवसरकडे निघालेली गाडी पानवल नदीवरच्या पुलावर येते. पूल ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच आहे. कोकण रेल्वेने इथे वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसवले आहे. गोव्यातल्या मांडवी आणि झुआरी नद्यांवर, तसेच कर्नाटकातल्या शरावतीवरच्या रेल्वेपुलांवरही अशी यंत्रे आहेत. वारा मर्यादेबाहेर गेला, तर गाडी पुलाअलीकडेच रोखता यावी यासाठी ही सोय आहे. दर्यावर तर ही रीत फार जुनी. हवामान खात्याचा इशारा आला की बंदरात बावटा चढतो. ‘तीन नंबरचा लागलाय’ एवढे कानावर आले तरी मिरकरवाड्यातल्या नौकांचे दोर आवळले जातात.

शेकडो टनांच्या आगगाडीला वाऱ्याची खबर आधी मिळते, ट्रॉलरलाही मिळते. आठ-नऊ किलोच्या सायकलवरून आरे-वारेची चढण चढणाऱ्याला मात्र ती वळण घेतल्यावर, थेट अंगावरच मिळते.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा किनाऱ्याचा रस्ता सायकलवाल्यांचा लाडका आहे. साखरतरचा पूल, बसणी, आरे, वारे, नेवरे असा टप्प्याटप्प्याने तो समुद्राला चिकटून जातो. पहाटे या रस्त्यावर हेल्मेट घातलेली मंडळी दिसतात आणि त्यांतल्या अनेकांच्या हाती बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची रोड बाइक असते. सायकल वेगवान आणि हलकी, पण आडव्या वाऱ्यापुढे तेवढीच हळवी.

या रस्त्याचा एक गुण फारसा बोलला जात नाही. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो आणि सायकलस्वारही रस्त्याच्या डाव्या कडेलाच असतो. पावसाळ्यातला नैऋत्येचा झोत असो की उन्हाळ्यातल्या दुपारचे खारे वारे, धक्का डावीकडून बसतो आणि सायकल उजवीकडे, म्हणजे मागून येणाऱ्या एसटीच्या वाटेत सरकते. परतीच्या वाटेवर सगळे उलटे. आता वारा उजवीकडून येतो आणि सायकल गटाराकडे किंवा कठड्याकडे ढकलली जाते. तोल राखायला सायकलस्वार उजवीकडे, वाऱ्याच्या अंगावर कलतो. तेवढ्यात चिऱ्यांनी भरलेला ट्रक त्याला मागे टाकू लागतो. ट्रकचा आडोसा झाल्याने वारा एकाएकी थांबतो आणि कललेला माणूस ट्रकच्याच दिशेने झुकतो. ट्रक पुढे निघताच थांबलेला वारा पुन्हा अंगावर येतो. हा सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांत आटोपतो. शहराच्या दक्षिणेला, भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या वाटेला लागणाऱ्याचीही हीच गत असते.

एकसारखा वाहणारा वारा सहसा पाडत नाही, त्याची शरीराला सवय होते. पाडतो तो अचानक सुटणारा झोत. तो कुठे सुटेल हे जमिनीकडे पाहून बरेचसे ओळखता येते. सुरूचे बन जिथे संपते, जांभा तासून काढलेल्या खिंडीचे तोंड जिथे उघडते, पुलाची पहिली कमान जिथे सुरू होते, त्या प्रत्येक जागी आडोसा सुटतो. उघड्या कातळसड्यावर तर आडोसा असा नसतोच. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० किलोमीटरचा वारा ४० वर गेला की अंगावरचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो.

अशा वेळी शरीर आपसूक जे करते ते बहुधा चुकीचे असते. हात हँडल करकचून धरतात, पाठ ताठ होते, पाय थांबतात आणि बोटे ब्रेककडे जातात. करायला हवे ते याच्या नेमके उलट. हँडलच्या खालच्या वळणावर हात सैलसर ठेवावेत, कोपरे वाकवावीत, छाती खाली आणावी आणि पॅडल फिरते ठेवावे. हात सैल असले की पुढचे चाक चार बोटे सरकून स्वतःच जागेवर येते. आवळून धरले, तर वाऱ्याचा धक्का खांद्यातून सबंध सायकलभर पसरतो. ब्रेक लावायचे ते उतार सुरू होण्याआधी, मधल्या झोतात नव्हे. उतारावर पुढचे चाक थरथरू लागलेच, तर एक गुडघा सायकलच्या वरच्या दांडीला टेकवून हळूहळू वेग उतरवावा. ज्या बाजूला वारा ढकलणार, त्या बाजूला हातभर जागा राखावी. पूल अंगावर येतो आहे असे वाटले, तर उतरून चालत जाण्यात कमीपणा नाही.

सामानाचाही विचार हवा. उंच रिमची कार्बन चाके हल्ली हौसेने घेतली जातात. सपाट रस्त्यावर ती वेग देतात, पण आडव्या वाऱ्यात पुढच्या चाकाची उंच रिम हँडलच फिरवू पाहते. मागचे चाक उंच रिमचे असले, तर त्रास कमी होतो. हवाईमधल्या कोना इथल्या आयर्नमन जागतिक स्पर्धेत पूर्ण बंद डिस्क चाकांना वर्षानुवर्षे मनाई ठेवण्यात आली, ती याच कारणाने. पावसाळ्यातला घोळदार रेनकोट तर शीडच. त्याऐवजी अंगासरसे जाकीट बरे. गटाने जाताना पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपले पुढचे चाक नेऊ नये, कारण एक झोत आला की दोन्ही चाके घासतात. युरोपातले व्यावसायिक वाऱ्याआड तिरकी रांग धरतात, पण त्याला अख्खा मोकळा रस्ता लागतो. आरे-वारेच्या दुपदरी घाटात एकामागे एक, अंतर राखून जाणेच भले.

हे नवशिक्यांचे दुखणे आहे असे कुणी समजू नये. मार्च २०१५ मध्ये बेल्जियममधल्या घेंट-वेवेल्गेम शर्यतीत जगातले पट्टीचे सायकलपटू वाऱ्याने रस्त्याबाहेर फेकले गेले. गेरंट थॉमसही त्यांत होता. त्या दिवशी जेमतेम ३९ जणांनी शर्यत पुरी केली. मार्च २०१७ मध्ये केपटाउनची प्रचंड सायकल फेरी सुरू झाल्यावर रद्द करावी लागली, कारण हातातल्या सायकली उडू लागल्या होत्या. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने टोकाच्या हवामानासाठी नियमावली केली आहे आणि तिच्यात जोराच्या वाऱ्याचाही समावेश आहे.

आपल्याकडे वारा आठवतो तो वादळाच्या वेळी. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळात बसरा स्टार हे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन अडकले, तेव्हा सगळे जिल्हाभर वाऱ्याविषयीच बोलत होते. पण वादळाच्या दिवशी सायकल बाहेर कोण काढतो? धोका असतो तो जुलैतल्या एखाद्या साध्या, पावसाने उघडीप दिलेल्या सकाळी किंवा मेमधल्या दुपारी. त्या दिवसांबद्दल रस्ता काहीच सांगत नाही.

यावर सरकारी उत्तर ठरलेले असते: बंदी. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकली आणि दुचाकींना मज्जावच आहे. मुंबईत ते चालून जाते, कारण तिथे दुसरा रस्ता आहे. खाडीकाठच्या गावाला पूल हाच एकमेव रस्ता असतो. त्यावरून हौशी सायकलस्वारांइतकीच शाळेची मुले, कामावर निघालेल्या बाया आणि स्कूटरवरून मासळी नेणारी माणसे जातात. आडवा वारा या सगळ्यांनाच हलवतो. म्हणून बंदी नको, माहिती हवी. भाट्ये आणि साखरतरच्या पुलांच्या दोन्ही तोंडांशी विमानतळावर असते तशी वाऱ्याची कापडी पिशवी उभारायला फार खर्च येत नाही. आरे-वारेच्या उतारांवर ‘आडवा वारा, वेग कमी करा’ असे फलक लावणे तर त्याहून सोपे. मच्छीमारांसाठी निघणारा सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा सायकल क्लबांनी आपल्या ग्रुपवर रोज टाकला, तर निम्मे काम तिथेच होईल.

मोठा प्रश्न पुढचा आहे. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. नौका खालून जाव्यात म्हणून ते उंच असणार आणि उंचीवर वारा अधिक. या पुलांवर कठड्यालगत सायकल-दुचाकींसाठी वेगळी पट्टी, त्या पट्टीच्या समुद्राकडच्या अंगाला वारा मोडणारी जाळी आणि वेग दाखवणारे यंत्र, या तीन गोष्टी राज्य रस्ते विकास महामंडळाने आराखड्यातच घालाव्यात. जिल्ह्यातले लोकप्रतिनिधी या पुलांच्या लांबी-रुंदीविषयी आणि खर्चाविषयी बोलत असतात. जयगडच्या पुलावर सायकलला किती फूट जागा ठेवली आहे, हेही त्यांनी पुढच्या बैठकीत विचारावे.